संकटकाळासाठी गावाचा नकाशा : उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा काढणाऱ्या स्वयंसेवकांचे शिक्षण

तितूर आणि डोंगरी या चाळीसगाव तालुक्यातील नद्या वर्षातील पुष्कळ महिने जेमतेम वाहतात. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळ्याच्या डोंगररांगेवर मुसळधार पाऊस झाला आणि ३१ ऑगस्टच्या पहाटे या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात व काठच्या गावांत शिरले. कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. शेकडो जनावरे दगावली. अशा प्रसंगी मदत घेऊन येणारे पथक बहुधा बाहेरगावचे असते. गावठाण त्यास सापडते, कारण ते प्रत्येक नकाशावर असते. परंतु मळ्यात घर करून राहिलेली कुटुंबे कोठे आहेत, त्यांच्यापर्यंत जाणारी वाट कोणत्या फरशी पुलावरून जाते आणि तो पूल पाण्याखाली असल्यास दुसरी वाट कोणती, हे त्यास कोणी सांगावे?

भूमि अभिलेख खात्याचा गावनकाशा गटांच्या सीमा दाखवितो. त्या गटात कोणी राहते किंवा कसे, हे सांगणे त्याचे काम नव्हे. स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने होणारी मोजणी गावठाणातील मिळकतींसाठी आहे. मळ्यातील वस्त्या आणि सातपुड्यातील पाडे या दोन्हींच्या बाहेर पडतात. ही उणीव भरून काढण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत जगभर रूढ झाली आहे. खानदेशातील ग्रामसेवकांनी आणि शेतकरी बंधूंनी ती समजून घ्यावी, अशी आहे.

या रीतीचा आरंभ हैती या देशातील भूकंपापासून मानला जातो. १२ जानेवारी २०१० रोजी तेथील राजधानी पोर्तो प्रॅन्स उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्या शहराचा उपयोगी पडेल असा खुला नकाशा जवळजवळ नव्हताच. उपग्रहांनी घेतलेली ताजी चित्रे खुली करण्यात आली आणि निरनिराळ्या देशांतील सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी घरी बसून, संगणकावर त्या चित्रांवरून रस्ते व इमारती रेखून काढल्या. त्यासाठी त्यांनी 'ओपनस्ट्रीटमॅप' हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, कोणासही भर घालता येईल असा नकाशा वापरला. त्याच वर्षी या कामासाठी 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' ही संस्था रीतसर स्थापन झाली. पुढे २०१४ मध्ये रेडक्रॉस व 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांसारख्या संस्थांनी तिच्यासह 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम हाती घेतला. त्याचा विचार साधा आहे : नकाशा संकटानंतर नव्हे, अगोदर तयार असावा. नेपाळात याची प्रचीती आली. काठमांडूतील एका संस्थेने २०१३ पासून विद्यार्थ्यांना शिकवून त्या खोऱ्याचा नकाशा काढण्यास प्रारंभ केला होता. २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला तेव्हा हजारो परदेशी स्वयंसेवक मदतीस धावले खरे. पण त्यांना मार्ग दाखविणारी जाणकार माणसे तेथे आधीच तयार होती.

काम कसे चालते ते पाहू. नकाशा काढावयाच्या प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडतात. स्वयंसेवक एक चौकोन आपल्याकडे घेतो, त्यातील घरे व वाटा रेखतो आणि काम पुरे झाल्याची खूण करतो. त्यानंतर दुसरा, अधिक अनुभवी मनुष्य तोच चौकोन तपासतो. शेतास पाणी देताना वाफ्यामागून वाफा भरावा, तसेच हे आहे. कोणता वाफा भरला आणि कोणता कोरडा राहिला हे सर्वांना दिसते. घर रेखताना छपराची कड न धरता पायाची कड धरावी लागते, कारण उपग्रहाने चित्र तिरपे घेतले असल्यास उंच इमारतीचे छप्पर बाजूस सरकलेले दिसते. प्रत्यक्ष रेखणे दोन-तीन तासांत येते.

चित्र वाचणे मात्र इतक्या लवकर येत नाही, आणि शिक्षणाचा खरा भाग तोच होय. शिकविणाऱ्याने आरंभी स्वयंसेवकास त्याच्या स्वतःच्या गावाचे चित्र द्यावे. प्रथम नदी, मग शाळा, मग पाण्याची टाकी अशा क्रमाने तो आपल्या घरापर्यंत पोहोचला म्हणजे त्याचा डोळा बसू लागतो. टाकी तिच्या लांब सावलीवरून ओळखता येते. विहीर काळसर गोल ठिपक्यासारखी दिसते. रावेर-यावल भागातील केळीच्या बागा गर्द हिरव्या पट्ट्यांवरून कळतात आणि त्या पट्ट्यांच्या कडेला झाडीत दडलेले घर हमखास राहून जाते.

दूरदेशीच्या स्वयंसेवकाची फसगत कोठे होते, हे खानदेशातील मनुष्यास सहज उमगेल. येथील जुन्या घरांची मातीची धाबी भोवतालच्या जमिनीच्याच रंगाची असतात; वरून पाहता घर आणि अंगण यांत भेद दिसत नाही. उलट, पत्र्याचा गोठा उन्हात चमकतो आणि तो घर म्हणून नोंदला जातो. कडब्याची गंजी झोपडी ठरते. खळे पाहून तेथे इमारत पडली असावी, असाही तर्क कोणी करतो. चोपडा, यावल व शिरपूर तालुक्यांच्या सातपुड्याकडील भागात पावरा कुटुंबांची घरे एकमेकांस लागून नसतात. ज्याच्या त्याच्या शेतात विखुरलेली असतात. दाट गावठाण पाहण्याची सवय असलेल्या मनुष्यास ही घरे एकाच वस्तीची आहेत, याची कल्पनाही येत नाही.

सर्वांत घातक चूक वाटांची. चित्र स्वच्छ मिळावे म्हणून बहुधा ढग नसलेल्या दिवसांतले, म्हणजे हिवाळ्यातले किंवा उन्हाळ्यातले निवडले जाते. त्या दिवसांत कोरड्या नाल्याचा तळ पांढुरका व सपाट दिसतो. गाडरस्ताही तसाच दिसतो. शिवाय कित्येक ठिकाणी गाडीवाट खरोखरच नाल्यातून जाते, तेव्हा ती रेखणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. परंतु एप्रिलमधील ती वाट ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते. तिच्या भरवशावर निघालेली रुग्णवाहिका अर्ध्या वाटेवरून परत फिरेल, आणि पाड्यावर सर्पदंश झालेला मनुष्य असेल तर तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो. म्हणून प्रत्येक चित्राची तारीख पाहावयास हवी, आणि वाटेपुढे ती बारमाही आहे की केवळ सुगीतली आहे, याची नोंद हवी. ही नोंद आकाशातून होत नाही.

यासाठी कामाचा दुसरा अर्धा भाग शिवारात करावा लागतो. रेखलेला नकाशा कागदावर छापून घ्यावा आणि ग्रामसेवक, तलाठी, कोतवाल, आशा कार्यकर्ती अशा दोन-चार जाणत्या माणसांनी तो हाती धरून शिवारफेरी करावी. चुकीचे घर खोडावे, राहिलेले घर घालावे. फरशी पुलापाशी थांबून, किती पाणी चढले म्हणजे तो बंद पडतो, हे काठच्या शेतकऱ्यास विचारावे. पांझरेच्या खोऱ्यात जेथे फडाची पद्धत चालत आली आहे, तेथे पाटकऱ्यास सोबत घेणे फार उपयुक्त ठरेल. पाण्याची वाट त्याच्याइतकी कोणास ठाऊक असणार! जुन्या पुरांच्या खुणाही वृद्धांकडून जाणून घ्याव्यात. गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या १८७२ सालच्या महापुराने धुळे शहराचे मोठे नुकसान केले होते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेने त्या शहरास पुन्हा तडाखा दिला.

नावांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. एकाच नावाची अनेक गावे असल्याने खुर्द, बुद्रुक किंवा जुन्या प्रगण्याचे नाव जोडून ती ओळखली जातात; ते जोडनाव गाळले तर मदत भलत्याच गावी जाईल. पाड्याचे नाव तेथील माणसे पावरी किंवा अहिराणी बोलीत जसे उच्चारतात तसेच लिहावे, आणि कागदोपत्री नाव वेगळे असल्यास तेही सोबत द्यावे. संकटात दूरध्वनीवरून बोलणारा मनुष्य आपल्या तोंडचेच नाव सांगणार.

दोन शंकांचा येथे खुलासा केला पाहिजे. नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांन्वये भारतीय व्यक्ती व संस्थांपुरती काढून टाकली आहे. मात्र संरक्षणविषयक व अन्य संवेदनशील स्थळांवरील निर्बंध कायम आहेत. दुसरे असे की, हा नकाशा मालकीचा पुरावा नव्हे. बांधाच्या तंट्यात किंवा वनहक्काच्या दाव्यात तो मोजणीच्या नकाशाऐवजी पुढे करू नये. त्यावर कुटुंबप्रमुखांची नावेही घालू नयेत, कारण तो सर्व जगास खुला असतो. घर कोठे आहे एवढे पुरे.

महापूर आल्यावर पाणी कोठवर पसरले, याचे नकाशे हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने तयार करते. त्या पाण्याच्या नकाशाखाली घरांचा व वाटांचा नकाशा असेल, तरच कोणती वस्ती वेढली गेली हे कळते. शिवारफेरीस सोयीचे दिवस म्हणजे रब्बीची काढणी आटोपल्यापासून मृगापर्यंतचे. त्या मुदतीत दुरुस्त केलेल्या नकाशाची एक छापील प्रत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर लावावी, कारण पुराच्या रात्री वीज आणि मोबाइल दोन्ही बंद असू शकतात. प्रतीच्या कोपऱ्यात चित्राची तारीख व शिवारफेरीची तारीख अशा दोन्ही तारखा ठळक अक्षरांत घालाव्यात.