वाऱ्याची नोंद

सकाळी साडेसहा. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह याच सुमारास आपल्यावरून जातो. त्याची साडेपाच सेंटिमीटरची लहर ढगांतून आरपार जाते, म्हणून पावसाळ्यात मुळा धरणाचा पाणपसारा मोजायला आम्ही तोच धरतो. त्याला चकवतो तो वारा. शांत पाण्यावरून लहर पुढे निसटते, पाणी काळं दिसतं. लाटा उठल्या की ती माघारी फिरते आणि पाणी जमिनीसारखं उजळतं.

साडेसात. कृषी विद्यापीठाची वेधशाळा. नोंद स्थानिक वेळेने सातला घ्यायची, राहुरीच्या रेखांशावर तेव्हा घड्याळात साडेसात होतात. "आज वारं लई हाय, सर," मामा वही पुढे करतात. वाऱ्याचा आकडा मी आधी उतरवून घेतो.

साडेआठ. पर्जन्यमापक कोरडा. पर्जन्यछायेतला जुलै, दुसरं काय!

अकरा. कॅमेऱ्याचा सेंटिनेल-२ येऊन गेला असेल. त्याला फक्त ढग दिसले असणार.

दुपारी एक. सकाळचं रडारचित्र उघडलं. धरणाच्या मधोमध उजळ पट्टे. ध्रुवाकडे बर्फ मोजणाऱ्यांचंही हेच दुखणं. त्यांचे मुख्य उपग्रह स्वतः लहर सोडत नाहीत, पृष्ठभागातून निघणारी सूक्ष्मलहर टिपतात. बर्फ उजळ, मोकळा समुद्र मंद. पण वाऱ्याने समुद्र खवळला किंवा वर पाणीदार ढग आले की समुद्रही उजळतो आणि नसलेला बर्फ नकाशावर उमटतो. १९, २२ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या नोंदी ताडून तो पुसतात, पण त्यात कडेचा विरळ, खरा बर्फही पुसला जातो. उन्हाळ्यात उलटं: बर्फावर वितळलेलं पाणी साचतं आणि बर्फच समुद्र वाटतो. शिवाय तिथे रोज वही घेऊन उभे राहायला मामा नाहीत.

अडीच. दुसरी नोंद. वारा वाढलेलाच.

चार. पाणी म्हणायची उजळपणाची मर्यादा वर नेली. पट्टे गेले, पण फुगवट्याकडचा ओला, सपाट गाळही पाण्यात जमा झाला. सव्वीस टीएमसीच्या धरणात असा उथळ काठ हिशेब बिघडवू शकतो. उभी लहर पाठवून आडवी टिपलेलं दुसरं चित्र वाऱ्याला कमी फसतं. ते अंधूक आणि दाणेदार असतं, तरी आज माझा भरवसा त्यावरच.

साडेपाच. साहेबांना काठाची एकच रेघ हवी असते. फुगवट्याकडची मी तुटक काढली आणि शेजारी सकाळचा वाऱ्याचा वेग लिहिला.