मागे उरलेल्यांचे शिल्प

मृत्यूचे शिल्प घडविण्यास बसलेल्या कलावंतापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, कोरावयाचे कोणाला? जो गेला त्याला, की ज्यांना तो मागे ठेवून गेला त्यांना? या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. आपल्या सुदैवाने त्यांतील काही उत्तरे मराठवाड्याच्या दगडांतच कोरलेली आहेत. ती वाचावयास कोणी फारसे थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

अजिंठ्याचे सव्विसावे लेणे घ्या. या चैत्यगृहाच्या डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. तथागत उजव्या कुशीवर पहुडले आहेत, गालाखाली हात आहे, डोळे मिटलेले आहेत. वरच्या बाजूस स्वर्गस्थ मंडळी हर्षित झाली आहेत, कारण एक महान आत्मा बंधमुक्त झाला. शय्येच्या खाली मात्र भिक्षूंची आणि उपासकांची ओळ शोकाने खचून बसली आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत ही शिकवण ज्यांनी आयुष्यभर ऐकली, तीच ही माणसे. तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर त्यांचे रडणे म्हणजे अपुऱ्या साधनेची खूणच ठरावी. शिल्पकाराने त्यांचे दुःख लपविले नाही आणि त्याला कमीही लेखले नाही. वर मुक्तीचा आनंद आणि खाली पोरकेपणा, या दोहोंना त्याने एकाच भिंतीवर जागा दिली. पाहणारा त्या भव्य मूर्तीपुढे नतमस्तक होतो. गलबलून मात्र येते ते खालच्या लहान आकृतींकडे पाहून, कारण आपण सारे त्या ओळीतले आहोत.

या लेण्यांच्या मुळाशीही घरची दुःखे आहेत. सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखावरून कळते की, बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने ते अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्यासाठी आणि आपल्या आईवडिलांसाठी करविले. घर सोडून चीवर पांघरलेल्या भिक्षूलाही पुण्य अर्पण करताना आईवडील आठवले! पर्वतावर असे स्मारक करावे की जे चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल, अशा आशयाचा विचारही त्या लेखात आहे. सतराव्या लेण्याचा लेख तर भावाच्या दुःखाचा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका स्थानिक राजघराण्यातला रविसांब नावाचा धाकटा भाऊ अकाली गेला. त्या आघातानंतर थोरल्या भावाचे मन धर्मकार्याकडे वळले आणि त्यातून ही लेणी उभी राहिली. जगभरचे प्रवासी ज्या चित्रशिल्पांपुढे थक्क होतात, त्यांमागे एका भावाचा शोक आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

राजाला लेणे कोरविता आले. सामान्य माणसाने काय केले? त्याने वीरगळ उभारला. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर, पडक्या हेमाडपंती देवळाच्या आवारात असे दगड आजही दिसतात. त्यांची भाषा ठरलेली आहे. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर. तिथे गायी कोरलेल्या असल्या तर तो गोधन राखताना मेला असे समजावे. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. माथ्यावर चंद्र, सूर्य आणि कलश. सागरी युद्धात पडलेल्यांच्या वीरगळांवर नौका येतात. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावी तसे दगड आहेत. अजिंठ्याच्या लेखातली चंद्रसूर्यांची इच्छा अशी शतकानुशतके खेड्यापाड्यांतल्या दगडांच्या माथ्यावर येऊन बसली.

मात्र वीरगळावर वीराची आई नसते, बाप नसतो, लेकरे नसतात. तो स्वर्गात पोचला, एवढ्यावर दगडाचे बोलणे संपते. शेजारी सतीचा दगड असेल तर त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात दिसतो. बांगड्या म्हणजे अखंड सौभाग्य. विधवा म्हणून जगण्याची, मागे राहून रडण्याची मुभाच त्या बाईला नव्हती, हे तो हात सांगतो. सतीची चाल कायद्याने १८२९-३० मध्ये बंद झाली आणि १९८७ च्या कायद्याने तिच्या उदात्तीकरणासही मनाई केली. तेव्हा या दगडापुढे हात जोडण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण मात्र अवश्य आहे. गेलेल्याचा गौरव करणारा समाज मागे उरलेल्यांच्या बाबतीत किती निष्ठुर होऊ शकतो, याचा तो पुरावा आहे.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर युरोपातील एका आईने दिले. केटे कोलविट्स ही बर्लिनची कलावती. पहिल्या महायुद्धात तिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेला. तो अल्पवयीन असल्याने वडिलांची संमती आवश्यक होती आणि ती मिळावी म्हणून आईनेच रदबदली केली होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये तो बेल्जियमच्या भूमीवर पडला. त्याच्या स्मारकाचा विचार तिने त्याच वर्षी सुरू केला. ते उभे राहिले १९३२ मध्ये. प्रारंभीच्या आराखड्यात मुलाचा देहही होता. तो पुढे तिने काढून टाकला. उरले ते गुडघे टेकलेले आई आणि बाप, दोन वेगळ्या चौथऱ्यांवर. बाप स्वतःलाच हातांनी कवटाळून ताठ बसला आहे. आई पुढे वाकली आहे. चेहरे तिचे स्वतःचे आणि पतीचे आहेत. दोघांचे दुःख एक, तरी प्रत्येकाला ते एकट्यानेच सोसावयाचे आहे, हे त्या दोन चौथऱ्यांमधील मोकळी जागा सांगते. तिथे अप्सरा नाहीत, स्वर्ग नाही. आज बेल्जियममधील व्लादस्लो येथील सैनिकांच्या दफनभूमीत ही मूर्तिद्वयी आहे. पीटरची कबरही तिथेच आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने शिल्पावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, हानी मोजणे हे आमच्या शास्त्राचे एक काम आहे. बिडकीनच्या परिसरात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादित झाल्या. अशा संपादनात विहिरीचे, झाडाचे, घराचे मूल्य ठरते आणि मोबदला दिला जातो. हे आवश्यकच आहे. परंतु माणूस गेल्याने घरात जी पोकळी होते तिचे कोष्टक कोणत्याही कचेरीत नाही. कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबास शासनाची मदत वर्षानुवर्षे एक लाख रुपये राहिली आणि तीही प्रकरण ‘पात्र’ ठरले तरच. कर्ज कोणाचे होते, सातबारा कोणाच्या नावे होता, यावर ते ठरते. ‘अपात्र’ असा शेरा पडलेल्या घरातली बाई त्या शेऱ्याने दुसऱ्यांदा विधवा होते. वीरगळ उभारणाऱ्या समाजाने निदान मृताला अपात्र म्हटले नव्हते.

प्रत्येक मृत्यूचा पुतळा उभारावा, असे येथे सुचवावयाचे नाही. चौकाचौकांत पुतळ्यांची वाण नाही. मुद्दा दृष्टीचा आहे. आज कित्येक वीरगळ शेंदराने पुसट झाले आहेत, कुंपणाच्या भिंतीत गेले आहेत, रस्ता रुंदावताना मुरमाखाली दडपले जात आहेत. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या दगडांची नोंद केली, छायाचित्रे घेतली आणि ग्रामपंचायतीने ते जागच्या जागी जपले, तर खर्च फारसा येणार नाही. पण दगड जपणे हा निम्मा भाग झाला. ज्या गावात कर्ता माणूस गेला आहे, तिथे वारसाची नोंद त्याच्या पत्नीच्या नावे तलाठ्याने स्वतःहून करावी, तिला तहसिलाचे हेलपाटे पडू नयेत, लेकरांची शाळा सुटू नये, याकडे गावाने लक्ष देणे हा उरलेला भाग आहे.

अजिंठ्याच्या त्या अनाम शिल्पकाराने महापुरुषाच्या मृत्यूचे दृश्य कोरताना छिन्नी एका मोठ्या आकृतीपाशी थांबविली नाही. शय्येखालच्या ओळीतला प्रत्येक रडणारा माणूस त्याने वेगळा कोरला. शासनाच्या आणि गावाच्या नोंदवहीतही तशी एक ओळ असावी.