डोंगर चढणारं पाणी

पावसाळ्यात भंडारदरा धरणाच्या पाणलोटातले पावसाचे आकडे पेपरात येतात, तेव्हा घाटघरचं नाव हमखास असतं. अकोले तालुक्याचं हे पश्चिम टोक. पुढे कडा, कड्याखाली कोकण. पर्यटक इथे दरी बघायला येतात. त्या दरीच्या माथ्यावर एक जलाशय आहे, पायथ्याशी शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ दुसरा आहे आणि दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर आहे. वाढत्या शहरांच्या विजेबद्दल बोलायचं, तर मी सुरुवात इथूनच करेन.

घाटघरचा प्रकल्प उदंचन जातीचा. विजेची गरज असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि वीज उरत असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. 125 मेगावॉटचे दोन संच, एकूण 250 मेगावॉट. जपानच्या कर्जसाहाय्यातून उभा राहिलेला हा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. रोलरने दाबून बसवलेल्या काँक्रीटची धरणं देशात पहिल्यांदा इथे बांधली गेली.

दोन जलाशयांच्या पातळीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. हिशोब करून पाहावा असा आहे. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तेवढं पाणी चारशे मीटर खाली आलं की साधारण एक युनिट वीज मिळते. दीड टनाचा एसी तेवढ्यावर तासभरही चालत नाही. दोन्ही संच पूर्ण ताकदीने चालवायचे, तर अशा जवळपास सत्तर टाक्या दर सेकंदाला रिकाम्या कराव्या लागतात. आपण भिंतीवरचं बटण दाबतो, त्यामागे एवढं वजन हलत असतं.

यंत्राची खुबी अशी, की टर्बाइन आणि पंप वेगळे नाहीत. तेच चाक एका दिशेने फिरलं की वीज देतं, उलट फिरलं की वीज घेऊन पाणी वर ढकलतं. जनरेटरचीच मोटर होते. एवढं जड चाक पाण्यात बुडालेलं असताना थांबल्या जागेवरून उलटं फिरवणं कठीण असतं. म्हणून अशा यंत्रांत आधी दाबाची हवा सोडून चाकाभोवतीचं पाणी खाली सारतात, चाक हवेत पूर्ण वेगाला आणतात, ग्रिडशी जुळवतात, आणि मगच पाणी आत घेतात.

पाणी चढवायला शंभर युनिट खर्ची पडले, तर परत मिळतात पंचाहत्तर ते ऐंशी. हा तोटा नव्हे, साठवणुकीचं भाडं आहे, आणि ते द्यायलाच हवं. पूर्वी रात्री औष्णिक संच एका मर्यादेखाली उतरवता येत नसत, त्यांची उरलेली वीज उदंचनाला मिळे. आता सौर वीज वाढतेय, त्यामुळे पाणी चढवण्याची खरी वेळ भर दुपारची होत चालली आहे. सूर्य मावळतो तेव्हा शहरांची गरज मावळत नाही. लोक घरी पोचतात, दिवे लागतात, एसी सुरू होतात. एकट्या मुंबईची कमाल मागणी 4,000 मेगावॉटच्या घरात आहे. तिच्यासमोर घाटघर लहानच.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बंद पडलेला औष्णिक संच पुन्हा उभा करायलाही बाहेरून वीज लागते, वर कित्येक तास जातात. जलविद्युत संच मात्र छोट्या डिझेल जनरेटरच्या आधाराने काही मिनिटांत उभा राहतो. हा गुण युनिटच्या दरात दिसत नाही.

मुंबई सह्याद्रीच्या पाण्यावर चालते हे काही नवं नाही. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं, ते गिरण्यांसाठी. मग भिवपुरी, मग 1927 मध्ये भिरा. तिथेही पुढे 150 मेगावॉटचा उदंचन संच बसला. भिऱ्याचं पाणी मुळशीचं. तिथल्या मावळ्यांनी 1921 मध्ये ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, आणि तरी धरण झालंच. मुंबईचे दिवे मोजताना ती बुडालेली भातखाचरं मोजलीच पाहिजेत.

ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता इथे 1,800 आणि भिवपुरी इथे 1,000 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. असे प्रकल्प व्हायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने मोठ्या धरणाएवढी जमीन बुडवावी लागत नाही. पण बोगद्यांचा राडारोडा कुठे पडणार, सुरुंगांनी झरे आटले तर पाणी कोण देणार, कामावर आधी कोणाला घेणार, हे मावळातल्या आणि कर्जतमधल्या वाड्यांना आधी कळलं पाहिजे. आणि उत्तरं ग्रामसभेत, लेखी, मराठीत मिळाली पाहिजेत.