उरलेल्या व्हिनाइलचा सदुपयोग

टी-शर्टवरील नावे व क्रमांक अनेकदा इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या व्हिनाइलचे असतात. अक्षरे कापल्यावर उरलेले तुकडे कचऱ्यात जातात. ते प्लास्टिकचे असल्याने कुजत नाहीत. त्यातील पीव्हीसी जाळल्यास विषारी वायू बाहेर पडतात.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या समाजाला तुकड्यांचे मोल सांगायला नको. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला पुन्हा मान मिळाला. तिच्यावर पान, मासा, आद्याक्षर असे छोटे आकार शोभून दिसतात.

आकार मागील बाजूने, उलटा कापावा. सुती कापडावर तो ठेवून वर बटर पेपर अंथरावा. वाफ बंद ठेवून, सुमारे १५० अंश सेल्सिअस तापलेली इस्त्री न सरकवता १५ सेकंद दाबावी. व्हिनाइलच्या प्रकारानुसार उष्णता बदलते; म्हणून आधी चिंधीवर पाहावे. नायलॉन वितळते, ते टाळावे. पिशवी दिवसभर धुऊ नये.

पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणीला जाताना अशी एक पिशवी आपला कचरा परत आणण्यासाठी सोबत असावी. तेथून वाहत येणारी मुळा अखेर पुण्यातच येते.