चुकीची गोळी दिली, तर दाद कुठे मागायची?

“तेच आहे हो, कंपनी फक्त वेगळी.” मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. चिठ्ठीवर एका कंपनीचं पॅरासिटामॉल, हातात दुसऱ्या कंपनीचं. ताप दोन्हींनी उतरतो. पण याच वाक्याच्या आडून कधी ५ मिलिग्रॅमऐवजी ५० ची गोळी येते, कधी पोटात सावकाश विरघळणाऱ्या गोळीऐवजी साधी येते, तर कधी अंगाची खाज थांबवणाऱ्या हायड्रॉक्सिझिनऐवजी रक्तदाब उतरवणारी हायड्रॅलाझिन. असं घडलं की घरचे, शेजारचे, ओळखीतले वकील असे सगळेच सल्ला देतात. त्यातला बराचसा सल्ला रुग्णाचं नुकसान करणारा असतो.

“कंपनी बदलली, म्हणजे चुकीचं औषध दिलं”

नियमभंग आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधला नियम ६५ सांगतो, की शेड्यूल एच किंवा एक्समधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध चिठ्ठीवर असेल, तर दुकानदाराला त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. म्हणजे “कंपनी वेगळी” हे उत्तर अशा औषधांच्या बाबतीत कायद्याला मान्य नाही. मात्र घटक, ताकद आणि प्रकार तिन्ही तेच असतील तर शरीराचं सहसा काही बिघडत नाही, आणि बिघडलं नाही तर भरपाई मागायला फारसं काही उरत नाही. तक्रार फार तर औषध निरीक्षकाकडे होते.

खरी चूक घटकात, ताकदीत, प्रकारात किंवा सूचनेत असते. सूचनेची चूक लोक मोजतच नाहीत. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं. काउंटरवर पाकिटांवर लिहिताना अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेटवर ‘रोज एक’ असं आलं, तर काही दिवसांत तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि प्रसंगी जीव जातो. इथे दोन्ही औषधं चिठ्ठीतलीच होती. तरीही ती दुकानाच्या सेवेतली त्रुटीच ठरते.

“गोळी लॅबमध्ये तपासून घेऊ, मग बघू”

तपासून घेण्याचा हक्क आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २६ कोणत्याही व्यक्तीला ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे पाठवू देतं. पण आपल्या प्रकरणात त्याचा उपयोग काय? दिलेली गोळी बनावट नव्हती, भेसळीची नव्हती, मुदत संपलेलीही नव्हती. ती चांगलीच होती, फक्त तुमच्यासाठी नव्हती. अहवाल येणार ‘प्रमाणित दर्जाची’ म्हणून, आणि तोच कागद दुकानदाराचा वकील ग्राहक आयोगासमोर फडकवणार. म्हणून प्रयोगशाळेच्या मागे लागू नका, आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीलाही उगाच प्रतिवादी करू नका. चूक गोळीत नाही, देण्यात आहे. ती सिद्ध करायला चिठ्ठी, बिल आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवली की झालं.

“लगेच दुकानात जाऊन बदलून घ्यावं”

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. आधी डॉक्टर, मग दुकान. आणि दुकानात गेलात तरी पट्टी परत द्यायची नाही. “चुकून गेली, द्या इकडे” म्हणत दुकानदार ती ड्रॉवरमध्ये टाकतो, पैसे परत देतो, वर चहा मागवतो, आणि तुमच्या हातातला पुरावा संपतो. पट्टीवरचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि किती गोळ्या फोडल्या हे दिसेल असे फोटो काढा. उरलेल्या गोळ्या, खोकं आणि दुकानाच्या हस्ताक्षरातलं पाकीट तसंच ठेवा. ‘माझी काही तक्रार नाही’ असं कुठे लिहून द्यायला सांगितलं, तर देऊ नका. दुकानात कॅमेरा असेल, तर त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा असं लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. हे चित्रण फार दिवस टिकत नाही.

रुग्णालयात न्यावं लागलं, तर केसपेपरवर एक ओळ येईल याची काळजी घ्या: कोणती गोळी, किती, कधीपासून घेतली. नुसतं ‘चक्कर, उलट्या’ असं लिहिलेला केसपेपर पुढे कामाला येत नाही. अशा दाव्यांत दुकानाने चूक केली हे दाखवणं सोपं असतं. जड जातं ते त्या चुकीमुळेच त्रास झाला हे दाखवणं. सत्तरीतल्या मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली, तर दुकानदाराचा वकील म्हणणारच की ती एरवीही उतरते. त्याला उत्तर देतात त्या दिवशीचे रक्ताचे अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच केलेली नोंद. सहा महिन्यांनी मिळवलेलं प्रमाणपत्र तेवढं वजनदार नसतं. रुग्णालयातल्या कागदपत्रांची प्रत लेखी मागितली, तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा नियम २००२ पासून आहे.

“बिल नाही, मग काय करणार?”

बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे दुकानदाराने बिल टाळलं, तर त्याच्याविरुद्ध आणखी एक मुद्दा मिळाला. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आणि चिठ्ठीवरचा दुकानाचा शिक्का यांचाही आधार घेता येतो. औषध शेड्यूल एच-१ मधलं असेल, म्हणजे काही ठरावीक प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या, तर दुकानाला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या एका स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. निरीक्षकाला ती तपासता येते. तरीही बिल मागावंच. चार पैसे सुटतात म्हणून बिल सोडणारे आपणच असतो.

“डॉक्टरचं अक्षरच तसं, बिचाऱ्या केमिस्टचा काय दोष?”

अक्षराबद्दलची तक्रार खोटी नाही. औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असा नियम वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये केला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तर २०२५ मध्ये सुवाच्य चिठ्ठी हा रुग्णाच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. पण वाचता येत नसेल तर अंदाज बांधण्याची मुभा फार्मासिस्टला कुठेच दिलेली नाही. चिठ्ठी पारखणं आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारणं यासाठीच तर त्याचं शिक्षण असतं. फोन लागत नसेल, तर ‘औषध देता येत नाही’ एवढंच योग्य उत्तर उरतं. चिठ्ठी खरोखरच संदिग्ध असेल, तर तक्रारीत डॉक्टर आणि दुकान दोघांनाही सामील करावं. जबाबदारी कोणाची किती, ते आयोग ठरवेल.

औषधांची नावं एकमेकांसारखी असतात हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांच्या नावांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बजावलं, की औषधांच्या नावातला गोंधळ इतर मालाच्या नावातल्या गोंधळापेक्षा कडक निकषाने तपासला पाहिजे, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते.

“काउंटरवरचा मुलगा नवा होता”

ही सबब नाही, कबुली आहे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे. फार्मसी कायदा, १९४८ मधल्या कलम ४२ नुसार इतर कुणी ते देणं हा गुन्हा आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसऱ्या गावी, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्टच्या हजेरीवर बोट ठेवलं, तेव्हा दुकानदारांच्या संघटनांनी किती गहजब केला होता, हे तेव्हाची वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना आठवत असेल. नोकराच्या चुकीची भरपाई मालकाकडूनच घेतली जाते. दिवाणी कायद्यात हे तत्त्व केव्हाचं रुजलेलं आहे.

“एफडीएकडे तक्रार केली, आता भरपाई मिळेल”

दारं चार आहेत, आणि एका दारी मिळतं ते दुसऱ्या दारी मिळत नाही. अन्न व औषध प्रशासन परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतं, खटला भरू शकतं, पण तुम्हाला एक रुपयाही देऊ शकत नाही. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल फार्मासिस्टची चौकशी करू शकते, त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकते, पण दुकान बंद करू शकत नाही. पोलीस गुन्हा बघतात. पैसे मिळतात ते ग्राहक आयोगाकडून. परवाना रद्द करणं मात्र आयोगाच्या हातात नसतं. एका दारी गेलं म्हणून दुसरं बंद होत नाही, चारही ठिकाणी एकाच वेळी जाता येतं.

तरी क्रम लावायचा झाला तर मी एफडीएचं दार आधी ठोठावीन. जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांकडे (औषधे) लेखी अर्ज द्यावा. १८००२२२३६५ हा एफडीएचा टोल-फ्री क्रमांक आहे. निरीक्षक दुकानात जातो आणि त्या वेळी फार्मासिस्ट हजर होता का, नोंदी आहेत का, हे लिहून आणतो. तो तपासणी अहवाल आणि दुकानाला दिलेली कारणे दाखवा नोटीस माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. आयोगापुढे सरकारी अधिकाऱ्याने लिहिलेल्या या कागदाला तुमच्या शपथपत्रापेक्षा जास्त वजन मिळतं. हा दुवा बहुतेक तक्रारदार जोडतच नाहीत.

“ऐंशी रुपयांच्या गोळीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?”

ऐंशी रुपयांची गोळी असणं इथे उलट सोयीचंच आहे. २०१९ च्या कायद्यात आयोगाचं अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचा वाद जिल्हा आयोगात चालतो, आणि किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. म्हणजे ऐंशी रुपयांच्या पट्टीमुळे झालेल्या वीस लाखांच्या नुकसानीचा दावाही तुमच्या जिल्ह्यात, फीशिवाय दाखल होतो. या रचनेला आव्हान दिलं गेलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वैध ठरवली.

वकील बंधनकारक नाही. दुकान नागपुरात आणि तुम्ही राहता सांगलीत, तरी तक्रार सांगलीत करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते, आणि काही अडलं तर १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येतं. औषध सुनेने आणलं आणि सासूने घेतलं, तरी सासू ग्राहकच. रुग्ण दगावला असेल तर वारस तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षांची आहे. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

“तज्ज्ञाचं मत आणल्याशिवाय केस उभीच राहत नाही” हेही ऐकायला मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितलं, की प्रत्येक दाव्यात तज्ज्ञ लागतोच असं नाही. चूक उघड दिसत असेल तर ती स्वतःच बोलते. चिठ्ठीवर एक नाव आणि पट्टीवर दुसरं, याहून उघड काय असणार? तज्ज्ञ लागला तर परिणाम सिद्ध करायला लागेल, आणि त्यासाठी केसपेपर आहेच. निकालाच्या वेळेबद्दल मात्र भाबडं राहू नये. कायद्यात तीन ते पाच महिन्यांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात तारखा वर्षांत मोजाव्या लागतात.

“पोलिसांत दिलं की सरळ आत”

भारतीय न्याय संहितेच्या कलम २७८ मध्ये एक औषध दुसरं म्हणून विकण्याला शिक्षा आहे, पण ‘जाणूनबुजून’ ही त्यातली अट आहे. गडबडीत झालेली चूक त्यात बसत नाही. निष्काळजीपणाने इजा झाली तर कलम १२५, आणि मृत्यू झाला तर कलम १०६. या १०६ मधला एक बारकावा फार थोड्यांच्या लक्षात आलाय. वैद्यकीय प्रक्रिया करताना डॉक्टरकडून मृत्यू ओढवला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे, इतरांना पाच वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांना आहे, आणि फार्मासिस्टचं नाव त्या नोंदवहीत नसतं. डॉक्टरवर कारवाईआधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं, हा सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालातला दंडकही डॉक्टरांसाठीच घालून दिलेला आहे. म्हणून जीवघेण्या प्रकरणात दुकानाची बाजू, लोक समजतात त्यापेक्षा बरीच लंगडी असते.

“सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं, तरी ग्राहक आयोग आहेच”

इथे मात्र आयोगाचं दार बहुधा बंद असतं. जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, तिथला रुग्ण ‘ग्राहक’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात म्हटलं. मग दिवाणी दावा, मानवी हक्क आयोग किंवा उच्च न्यायालयात रिट अर्ज हे मार्ग उरतात. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००.