मांडवामागचं पावतीपुस्तक

२०२२च्या एप्रिलमध्ये, मराठवाड्यात ऊन रणरणत असताना, लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. २२ ते २४ एप्रिल असे तीन दिवस. अध्यक्ष भारत सासणे, यजमान महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय. अध्यक्षीय भाषण छापून येतं, ठरावांच्या बातम्या होतात. पण तालुक्याच्या गावी एवढा मांडव घालायला पैसा येतो कुठून आणि आलेल्या रुपयाचा माग शेवटपर्यंत राहतो कसा, हे बघायला गेलं की थक्क व्हायला होतं.

हे संमेलन भरवणारं साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झालं. पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा इथल्या चार साहित्यसंस्थांकडे त्याचं कार्यालय तीन-तीन वर्षं फिरतं. स्थळ निवड समिती गाव पाहून जाते, निमंत्रण स्वीकारलं जातं आणि त्या क्षणापासून खर्चाची चिंता यजमानाची. मग स्वागत समिती उभी राहते. तिचं सभासद शुल्क, देणग्या, स्मरणिकेच्या जाहिराती, प्रतिनिधी शुल्क, ग्रंथप्रदर्शनातल्या गाळ्यांचं भाडं आणि सरकारी अनुदान, अशा वाटांनी पैसा येतो. उदगीरच्या वेळी अनुदान ५० लाख होतं, पुढे ते २ कोटींवर गेलं. आणखी एक गंमत. अध्यक्षपदाची निवडणूक होत असे तेव्हा स्वागत समितीच्या वाट्यालाही मतं असत. म्हणजे सभासद शुल्काची एक पावती संमेलनाचा अध्यक्ष ठरवण्यापर्यंत पोचू शकत होती!

ही पावती जरा हातात घेऊन पाहा. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, कोपऱ्यात छापील अनुक्रमांक, खाली कार्बनची प्रत. पावती लिहिताना चूक झाली तर पान फाडून टाकायचं नाही. त्यावर ‘रद्द’ लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. एक क्रमांक जरी सापडला नाही तरी ऑडिटर तिथेच बोट ठेवतो. किती पुस्तकं छापली, कोणतं कुणाला दिलं, कोणतं परत आलं, याची वेगळी वही असते. वर्गणीला निघालेले कार्यकर्ते दहा दिशांना पांगले तरी ही वही त्यांना बरोबर एका टेबलापाशी परत आणते.

त्या टेबलामागे बसलेल्या माणसाला कायदाही माहीत असावा लागतो. देणगीदाराला ‘८०जी’ नावाने परिचित असलेली करसवलत हवी असेल, तर संस्थेला तशी मान्यता लागते आणि २ हजारांहून जास्त रक्कम रोख चालत नाही. पॅन नोंदवावा लागतो. वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला पाठवायचं आणि त्यावरून निघालेलं प्रमाणपत्र ज्याचं त्याला पोचवायचं. एक आकडा चुकला तर माणसाची सवलत अडकते आणि पुढच्या वर्षी तो दारात उभं करत नाही.

गुप्तदानाची तर वेगळीच कथा. आपल्याकडे ते सर्वांत श्रेष्ठ मानलेलं. देवस्थानाच्या दानपेटीला कायदाही मोकळीक देतो. पण शैक्षणिक किंवा धर्मादाय संस्थेकडे ठरावीक मर्यादेपलीकडे निनावी देणगी आली, तर त्यावर ३० टक्के कर बसतो. म्हणून ‘नाव नको हो’ म्हणणाऱ्या सज्जनालाही कारकून गोड बोलून नाव-पत्ता लिहायला लावतो.

याहून नवल एका ओळीच्या चिठ्ठीचं. ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं देणगीदाराने लिहून दिलं की पैशाची जातच बदलते. साध्या उत्पन्नातला निदान ८५ टक्के भाग संस्थेच्या कामावर खर्ची पडावा, अशी कायद्याची अपेक्षा असते. कायम निधी मात्र ठेवीत राहतो आणि फक्त व्याज वापरायचं. ७ टक्क्यांनी १ लाखाचे वर्षाला ७ हजार होतात. एका वक्त्याचा प्रवास, मानधन आणि चहापाणी त्यात भागतं. गावोगावच्या स्मृतिव्याख्यानमाला देणारा गेल्यावरही चालू राहतात त्या अशा चिठ्ठीच्या जोरावर. ती चिठ्ठी फाइलला लावून ठेवणारा कुणीतरी असावा लागतो, एवढंच.

कार्यक्रमाच्या कागदांना तर मराठवाड्यात जुना इतिहास आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेआधी परवानगीची सक्ती केली होती. सभा म्हटली की पहिला कागद अर्जाचा! आजही ध्वनिक्षेपकाची परवानगी काढावी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावा लागतो. पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, देवगिरी एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला कोण जाणार, अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र कधी धाडायचं, हे त्याच टेबलावर ठरतं. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. तो राहिला तर बँकेत सही कुणाची चालणार इथपासून घोळ सुरू होतो.

आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव येतं, ध्वनिव्यवस्थेचं येतं. हिशेब लिहिणाऱ्याचं क्वचितच येतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी वर्गणीला आलं तर दोन गोष्टी करा. पैसे देताना पावती मागून घ्या, आणि पैसे कशासाठी दिले ते एका ओळीत लिहून द्या. संस्थेला रकमेइतकीच त्या ओळीचीही गरज असते.