ऑनलाइन बांधकाम परवानगी: कॉम्प्युटर तुमच्या घराचा नकाशा कसा तपासतो?

घर बांधायची परवानगी आता ऑनलाइन मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हा अर्ज बीपीएमएस या प्रणालीवर होतो. नियम असतात २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचे, म्हणजे यूडीसीपीआरचे. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं त्यातून वगळली आहेत. गावी आई-बाबांचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा ही सिस्टिम नकाशात नेमकं काय बघते हे मी आधी समजून घेतलं.

आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर ऑटोकॅडमध्ये काढलेली फाइल अपलोड करतो. कॉम्प्युटरला त्यात हॉल, किचन दिसत नाही, लेयर दिसतात. प्लॉटची हद्द एका लेयरवर, बांधकाम दुसऱ्यावर, रस्ता तिसऱ्यावर. आकृती बंद नसेल, रेघेची दोन टोकं जुळत नसतील, तर क्षेत्रफळच निघत नाही. सगळं नीट असेल तर प्रोग्रॅम सामासिक अंतरं, उंची, एफएसआय मोजतो आणि नियमांशी ताडून बघतो.

आता खरी मेख. प्लॉटचं क्षेत्रफळ तीन ठिकाणी असतं: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर, मोजणी नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर. हिशोबात धरतात ते तिन्हींतलं सर्वात कमी. समजा सातबाऱ्यावर २०० चौरस मीटर आहेत, मोजणीत १९० भरले आणि एफएसआय १.१ आहे. तर २२० ऐवजी २०९ चौरस मीटरच बांधता येईल. म्हणजे एक अख्खी बेडरूम गेली!

छोट्या प्लॉटला हा आकडा आणखी महत्त्वाचा. १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट कमी जोखमीचा धरतात आणि अटी पाळल्या तर प्रक्रिया खूप सोपी होते. पण दीड गुंठा म्हणजे १५१.७६ चौरस मीटर. पावणेदोन मीटरसाठी तुम्ही पुढच्या गटात जाता.

शेजाऱ्याचं कुंपण तुमच्या हद्दीत आलंय का, हे प्रोग्रॅमला कळत नाही. फाइलमध्ये जी हद्द काढली असेल, तीच तो खरी धरतो. म्हणून आम्ही आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत घेतली आणि मगच नकाशा काढायला दिला. घरात "आधी प्लॅन तरी बघू" असा आग्रह होता, पण क्षेत्रफळच पक्कं नसेल तर प्लॅन कशाचा बघणार?

आणखी एक. स्क्रीनवर नकाशा पास दिसला म्हणून पाया खोदू नका. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात येऊ द्या. ते एक वर्ष चालतं. काम सुरू व्हायलाच उशीर होणार असेल तर मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा. आणि घर पूर्ण झाल्यावर, राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.